हातचे

प्रुइट बाई विचारतात, एक ते दहा, दुखणं किती?
मी आईला विचारतो. आई म्हणते,
सांग, रात्री बोटं माझी राहत नाहीत.
मी म्हणतो, सात.

बीजगणिताचा तास बुडवून आलोय,
दुभाष्या, वय वर्षं चौदा.
आर्कान्सातल्या या गावात
कोंबडीच्या कारखान्याला भोंगे चार, नर्स एक.

कोऱ्या कागदावर सवयीने गुणाकार मांडतो:
मिनिटाला आईच्या वाट्याला अडतीस,
तासाला बावीसशे ऐंशी, गुणिले आठ.
आठ आठे चौसष्ट. चार लिहिले, हातचे सहा.
आठ दुणे सोळा नि सहा बावीस. दोन लिहिले, हातचे दोन.
अठरा हजार दोनशे चाळीस.
एकेकीला दोन काप, ते धरलेच नाहीत.
हातचे उत्तरात दाखवत नाहीत,
पुढच्या घरात नेतात.

पाणी कमी पिता का?
आई माझ्याकडे बघते. मुलाच्या तोंडून कसं सांगायचं
की लघवीला सोडत नाहीत,
म्हणून पहाटेपासून ती घोट घेत नाही,
आणि एकदा, तरीही.
मी म्हणतो, हो, कमी.

साखर आहे? आहे. लहानपणी आहार काय होता?
आर्नो बेटावर बोटीतून खोकी यायची
गोठलेल्या तंगड्यांची. छाती इथे खपायची,
उरलेलं समुद्रापार.
इंग्रजी येत नव्हतं तिला, पण खोक्यावरच्या अक्षरांचा
आकार डोळ्यांत बसला होता,
आणि इथे पहिल्या दिवशी फाटकावर
तोच, घराएवढा.
आजोबांनी आणलेले मासे मग घरात कुणी खाईना.
मी म्हणतो, चिकन.
बाई हसतात. चांगलं हसतात.

बिराममामा रात्री कोंबड्या धरायला जातो,
अंधारात, एका मुठीत चार, पाय वर.
पंचेचाळीस दिवसांच्या.
छाती अशी वाढवलेली की पायांना पेलत नाही.
पळत नाहीत रे, तो म्हणतो,
पळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
अमोनियाने लाल झालेले डोळे घेऊन तो दारात येतो
तेव्हा आई बूट चढवत असते.

शेडमधली घाण कुरणांवर पसरतात, कुरणांतून ती ओढ्यात.
जूनमध्ये ओढा हिरवा, दाट. पाटी लागते: पोहू नये.
आम्ही समुद्राची माणसं,
पाटी वाचून टॉवेल खांद्यावर टाकून परत आलो.

बुधवारी शाळेत नगेट्स असतात.
मी दोनदा घेतो.
पाकिटावर लाल कोठार, गवत,
आणि गवतात, स्वतःच्या पायांवर उभी, एक कोंबडी.

फावल्या वेळात काय करता?
बाईंच्या आवाजात माया आहे, खोटी नाही.
आईचा चेहरा उजळतो. दोन्ही हात उचलून
हवेत दाखवते: केवड्यासारखी लांब पानं,
अशी वाळवायची, अशी चिरायची,
एक वरून, एक खालून,
आणि बोटं मधेच आखडतात,
चटई हवेत अर्धी.
मी म्हणतो, चटया.

बाई लिहितात. मला उलटी अक्षरं वाचता येतात.
दुखण्याचं कारण: घरकाम, चटया विणणं.

अकरा वर्षांत तिने एक पान चिरलेलं नाही.
इथे ते झाडच नाही.
विणायची, असं म्हणालो होतो मी?
की विणते?

दोन गोळ्या. बर्फाची पिशवी,
कोंबड्यांवर ओततात त्याच बर्फाची.
सही इथे.
पेन तिच्या मुठीत उभं राहत नाही,
मी वरून मूठ धरतो.

काय लिहिलंय? आई विचारते.
सात, मी सांगतो.